आधी किलिमांजारो, मग सेरेंगेटी: सतरा दिवसांची आखणी

किलिमांजारोचं उहुरू शिखर ५,८९५ मीटरवर आहे आणि नेहमीच्या वाटांनी तिथं जायला ना दोर लागतो, ना बर्फातली कुऱ्हाड. चालत जाता येतं. त्यामुळे सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या माणसाला वाटतं, पाय धड असले की झालं. मलाही तसंच वाटायचं. चौथ्या दिवशी ४,६०० मीटरवर, लाव्हा टॉवरच्या काळ्या सुळक्याखाली, पाय ठणठणीत होते आणि डोकं मात्र कुणीतरी पट्ट्यानं आवळल्यासारखं दुखत होतं. सूप पुढे आलं, घोट उतरेना. आमचा गाईड शांतपणे म्हणाला, "आज इथे राहायचं नाहीये, फक्त येऊन जायचंय." दोन-अडीच तासांत आम्ही बरांको कॅम्पवर उतरलो आणि मी दोन ताटं जेवले.

या प्रवासात पैसे कुठे घालायचे, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. चढाईचे दिवस वाढवण्यात घाला. बाकी सगळं त्यानंतर.

डोंगर आधी का

काही जण सफारी आधी ठेवतात. गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर २,३०० मीटरवर राहिलं की उंचीची सवय होते, असं सांगितलं जातं. त्या उंचीचा किलिमांजारोवर फारसा उपयोग नाही, कारण कॅम्पचा पहिला मुक्कामच त्याहून वर असतो. उलट सफारीत दिवसभर धूळ नाकातोंडात जाते, खोकला धरतो, हॉटेलचं जेवण एखाद्या दिवशी पोटाला लागतं. तो खोकला घेऊन चार हजार मीटरच्या वर झोपणं त्रासाचं आहे. डोंगरावरून उतरल्यावर गुडघे बोलत असतात, तेव्हा गाडीत बसून हत्ती बघण्यासारखं सुख नाही.

कधी जायचं

टांझानियात दोन पावसाळे असतात. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा, त्याला तिथं 'मसिका' म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा, तो 'वुली'. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी मसिकात सापडते. पोरांच्या सुट्टीच्या हिशेबानं एप्रिल-मे धरू नका. तंबू, बूट, स्लीपिंग बॅग सगळं ओलं होतं आणि वर थंडी ओल्या माणसाला जास्त मारते. चांगला काळ दोनच: जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध, आणि जून ते ऑक्टोबर. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली तर जमून जातं.

सफारीचं गणितही महिन्यावरच चालतं. सेरेंगेटीत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (बैलासारख्या अंगाची मोठी हरणं) आणि त्यांच्याबरोबर झेब्र्यांचे कळप पावसामागे वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च ते दक्षिणेला न्डुटूच्या गवताळ माळावर असतात आणि तिथंच विणीचा हंगाम असतो. मे-जूनला पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीपाशी. टीव्हीवर मगरींच्या तोंडून वाचत नदी ओलांडणारे कळप दिसतात ते इथले. आम्ही फेब्रुवारी निवडला. डोंगर कोरडा, खाली विणीचा हंगाम.

वाट कोणती

१९९१ पासून परवानाधारक गाईडशिवाय किलिमांजारो चढता येत नाही, त्यामुळे 'आपले आपण जाऊ' हा पर्याय नाही. निवडायची असते ती वाट.

मरंगू ही जुनी वाट. तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत मुक्काम, बहुतेकांचा कार्यक्रम पाच दिवसांचा आणि म्हणूनच उंची न सोसून परतणारे इथे बरेच. माचामे सहा किंवा सात दिवसांची, सुंदर आणि गर्दीची. रोंगाई उत्तरेकडून, केनियाच्या बाजूनं चढते आणि तुलनेनं कोरडी असते. लेमोशो पश्चिमेकडून, आठ दिवसांची. माझं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर आठ दिवसांची लेमोशो, नाहीतर सात दिवसांची माचामे. पाच दिवसांत शिखर दाखवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कमी केलेल्या प्रत्येक दिवसामागे दीड-दोनशे डॉलर वाचतात आणि शिखर हुकण्याचीच शक्यता वाढते.

पैशांचा हिशेब

कंपनीचं दरपत्रक हातात आलं की आधी सरकारी शुल्क वजा करून बघा. उद्यानाचं शुल्क माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूचं रात्रीला ५० डॉलर, बचावपथकाचे एकदाच २० डॉलर आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. आठ दिवस आणि सात रात्रींचे जवळपास १,१०० डॉलर तिथेच जातात. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा बुकिंगच्या वेळचे आकडे बघून हाच हिशेब पुन्हा मांडा.

आता कुणी आठ दिवसांची चढाई १,४०० डॉलरला देत असेल तर उरलेल्या तीनशेत जेवण, तंबू, गाड्या, गाईड आणि पोर्टर बसतात कसे? ते पोर्टरच्या पोटातून जातात. आम्हा दोघी बहिणींबरोबर दोन गाईड, एक स्वयंपाकी आणि सात पोर्टर होते. सकाळी आम्ही निघाल्यावर ही मुलं तंबू गुंडाळून, डोक्यावर ओझं घेऊन आमच्या पुढे निघून जायची आणि आम्ही पोचायच्या आत तंबू उभा, पाणी गरम. अशा माणसाच्या पायात फाटके बूट असलेले मी वाटेत इतर गटांत बघितले आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून कंपनी निवडताना विचारा: किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टशी तुम्ही जोडलेले आहात का? ही संस्था पोर्टरची मजुरी, जेवण, झोपायची सोय आणि ओझं यावर लक्ष ठेवते. पोर्टरच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं देता येत नाही, गेटवर वजन होतं.

टिप ही तिथे मेहरबानी समजली जात नाही, ती कमाईचा भाग आहे. सगळ्या गटानं मिळून दिवसाला मुख्य गाईडला साधारण २० ते २५ डॉलर, स्वयंपाक्याला १२ ते १५, प्रत्येक पोर्टरला ८ ते १० असा प्रघात आहे. गट लहान असेल तर माणशी वाटा चांगलाच मोठा येतो, तो आधीच बाजूला ठेवा. सगळ्यांसमोर आकडे मोठ्यानं वाचा आणि शक्यतो ज्याचे पैसे त्याच्या हातात द्या. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या न्या. जुन्या छपाईच्या नोटा बँकाही घेत नाहीत.

निघण्याआधीचे सहा महिने

तयारीसाठी आपल्याकडे सोन्यासारखे डोंगर आहेत. पण एक लक्षात ठेवा: कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे आणि किलिमांजारोची मरंगू वाट त्याच्याही वरून सुरू होते. सह्याद्री पाय तयार करतो, उंचीची सवय देऊ शकत नाही. आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी, दर रविवारी पाठीवर सात-आठ किलो घेऊन सहा-सात तास चाल. शेवटच्या दोन महिन्यांत सलग दोन दिवस, म्हणजे शनिवारी राजगड आणि रविवारी तोरणा, असे ट्रेक करा. दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून चालायची सवय वर कामी येते. आणि उतार विसरू नका. शिखराच्या दिवशी जवळजवळ २,८०० मीटर उतरायचं असतं. जमलं तर आदल्या वर्षी केदारकंठासारखा ३,८०० मीटरचा हिमालयातला एखादा ट्रेक करून आपलं डोकं-पोट उंचीवर कसं वागतं ते बघून घ्या.

कागदपत्रांत व्हिसा सोपा आहे, ऑनलाइन मिळतो, शुल्क ५० डॉलर. पिवळ्या तापाच्या लशीकडे मात्र नीट लक्ष द्या. मुंबईहून जाणारे पुष्कळ जण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात. केनिया आणि इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतात आणि तिथून भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे नंबर लागायला वेळ लागतो. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

विमा काढताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरनं सुटका या दोन गोष्टी पॉलिसीत छापलेल्या आहेत का ते स्वतः वाचा. एजंटच्या 'हो, सगळं आहे' वर जाऊ नका. नेहमीच्या परदेशी प्रवास विम्यात उंचीवरचा ट्रेक बहुधा वगळलेला असतो.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. घरी असताना दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, हे डोंगरावर पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो.

सामान

डफल बॅग १५ किलोंच्या आत बसवा. बूट निदान दोन महिने वापरलेले हवेत आणि ते विमानात पायातच घाला. आमची एक बॅग दोन दिवस उशिरा पोचली. बूट, डाऊन जॅकेट आणि औषधं माझ्या अंगावर नि हातात होती म्हणून चढाई वेळेत सुरू झाली. स्लीपिंग बॅग, काठ्या, जाड जॅकेट मोशी गावात भाड्यानं मिळतं, बूट मात्र भाड्यानं घेऊ नका.

शिखराच्या रात्रीसाठी अंगावर चार-पाच थर लागतात, हातमोज्यांचे दोन जोड, घसाऱ्यातले खडे बुटात जाऊ नयेत म्हणून बुटांवर चढवायचे गेटर. हेडलॅम्पचे जादा सेल आणि फोन अंगाशी, आतल्या खिशात. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे आणि एकदा वापरायच्या पाण्याच्या बाटल्या डोंगरावर चालत नाहीत, तेव्हा कपडे कापडी पिशव्यांत बांधा. खाऊत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, लिंबाच्या गोळ्या आणि लोणच्याची छोटी बाटली. चार हजार मीटरच्या वर भूक मरते. तेव्हा ओळखीची चवच घशाखाली उतरते. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लेखी कळवा. आमच्या स्वयंपाक्यानं काकडीचं सूप, भाज्यांचा रस्सा आणि रोज गरम चपाती खाऊ घातली. चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात. पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी'. व्यापारी गलबतांतून गेलेले शब्द असे भेटले की बरं वाटतं.

चढाई, दिवसागणिक

लेमोशोच्या वाटेवर पहिल्या दिवशी लोंडोरोसी गेटवर नोंदणी, वजनं आणि मग दाट जंगलातून दोन-तीन तासांची चाल. काळी-पांढरी, झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं इथेच दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जंगल संपून शिराच्या विस्तीर्ण पठारावर येतो आणि किबोचं, म्हणजे किलिमांजारोच्या मुख्य सुळक्याचं, पांढरं डोकं समोर उभं राहतं. वाट सोपी असते, म्हणून माणसं इथेच चूक करतात: भराभर चालतात. गाईड सतत 'पोले पोले' म्हणत राहतो, म्हणजे हळू हळू. बोलताना धाप लागली तर तुमचा वेग जास्त आहे, एवढी साधी कसोटी. दिवसाला तीन लिटर पाणी प्या.

चौथा दिवस लाव्हा टॉवरचा. वर जायचं, जेवायचं आणि ३,९०० मीटरच्या आसपास बरांकोला उतरून झोपायचं. उंच चढून खाली झोपलं की शरीर जुळवून घेतं. डोकं दुखेल, घाबरू नका, पण लपवूही नका. रोज संध्याकाळी गाईड बोटाला ऑक्सिमीटर लावून प्रश्न विचारतो, त्याला खरं सांगा. साधी डोकेदुखी, मळमळ ही उंचीची नेहमीची तक्रार. मात्र चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा फेस येणारा खोकला ही मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी झाल्याची खूण आहे. तिथे सकाळची वाट बघायची नसते. त्याच क्षणी खाली उतरायचं असतं.

पाचव्या सकाळी बरांकोची भिंत. लांबून छातीत धडकी भरते, पण आपल्याकडे रॉक पॅच केलेल्यांना ती आवडते. हातानं धरत, पाय रोवत तासा-दीड तासात वर. काठ्या आवरून पोर्टरकडे द्या. त्यापुढे करांगा आणि सहाव्या दिवशी बराफू कॅम्प, ४,६७० मीटर. 'बराफू' म्हणजे बर्फ. शब्द एकाच फारसी घराण्यातला. दुपारी चार घास खाऊन झोपा, झोप लागली नाही तरी पडून राहा. इथे एक घोळ टाळा: स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून 'सा मोजा', म्हणजे एक वाजता, याचा अर्थ सकाळी सात. वेळ ठरवताना आपल्या घड्याळातला काटा बोटानं दाखवून घ्या.

रात्री साडेअकराला उठवतात. चहा, बिस्किटं, आणि बाराच्या सुमारास चाल सुरू. उणे दहा ते उणे वीस अंश. पहिल्या तासातच माझ्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठली. बहिणीनं रुंद तोंडाची बाटली लोकरीच्या मोज्यात घालून उलटी ठेवली होती. बर्फ बाटलीत वरून धरतो, त्यामुळे तळाकडे धरला आणि झाकण मोकळं राहिलं. रात्रभर आम्ही दोघी तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायलो. हा उपाय सगळ्यांनी करावा. एक पाऊल, एक श्वास. पुढच्याच्या टाचा बघत राहायचं. स्टेला पॉइंट ५,७५६ मीटरवर आहे आणि त्याआधीचा घसारा सगळ्यांत जीव खातो. तिथून कड्याकड्यानं तास-पाऊण तासात उहुरू. डावीकडे हिमनद्यांच्या उरलेल्या निळसर भिंती उजळत होत्या. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर इथे पहिल्यांदा पोचले तेव्हा हे बर्फ कितीतरी पसरलेलं होतं. वर हवेत समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू असतो, पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका. फोटो काढा, निघा.

उतरताना घसाऱ्यात टाचा रोवत बराफू, थोडी विश्रांती, आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्प. आठव्या दिवशी जंगलातून म्वेका गेट, प्रमाणपत्र, टिपा आणि त्या मुलांची नाचत म्हटलेली गाणी.

त्यानंतर एक पूर्ण दिवस मोशी किंवा अरुशामध्ये काहीही न करता काढा. कपडे धुवायला टाका, पाय गरम पाण्यात बुडवा.

सफारीचे पाच दिवस

इथेही तोच हिशेब: उद्यानं कमी, तास जास्त. आमचे दिवस असे होते: एक तारांगिरे, दोन न्डुटू, एक मध्य सेरेंगेटीतलं सेरोनेरा, शेवटचा गोरोंगोरो विवर. तुम्ही जुलै ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर न्डुटूचे दिवस उत्तर सेरेंगेटीला द्या. पण ते फार लांब आहे, एक दिवस वाढवा. तारांगिरे तेव्हा जास्त खुलतं, कोरड्या दिवसांत नदीकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात.

गाडी छत उघडणारी लँड क्रूझर असावी आणि शक्यतो तुमची स्वतंत्र. रोज किती तास फिरवणार आणि किलोमीटरची मर्यादा आहे का, हे लेखी घ्या. पहाटे सहाला निघा. दहानंतर प्राणी सावलीत जातात. काळे आणि गडद निळे कपडे घालू नका, त्से-त्से माशी त्या रंगांकडे येते आणि जीन्समधूनही चावते. दुर्बीण माणशी एक हवीच, एकीत दोघींचं भांडण होतं. कॅमेऱ्याला आधार म्हणून घरून शिवलेली रिकामी कापडी पिशवी न्या, अरुशात दोन किलो तांदूळ भरा आणि शेवटी ते तांदूळ कुणाला तरी देऊन टाका.

न्डुटूला सकाळी आठच्या सुमारास गाडीपासून तीस-चाळीस फुटांवर एक विल्डबीस्ट मादी व्याली. ओलं, काड्यांसारख्या पायांचं पिल्लू पडलं, उठलं, पुन्हा पडलं. मी घड्याळ बघत होते. सातव्या मिनिटाला ते आईच्या मागे धावत होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद ठेवलं होतं आणि कुणी शब्द काढला नाही. पलीकडे उंचवट्यावर दोन तरस बसून होते. 'पुढे सिंह दिसलाय' असा निरोप रेडिओवर आला, तरी आम्ही हललो नाही. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की यादी पुरी करायची घाई नाही.

न्डुटूकडे जाताना ओल्डुवाईची घळ वाटेवर आहे. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना इथेच आदिमानवाच्या नातेवाइकाची कवटी सापडली. तासभर थांबा, संग्रहालय बघा.

गोरोंगोरोचं विवर सुमारे सहाशे मीटर खोल, तळाचा विस्तार २६० चौरस किलोमीटर. कड्यावर पहाटे हुडहुडी भरते, डोंगरावरचं जॅकेट इथे पुन्हा काढा. काळा गेंडा बघायची सगळ्यांत चांगली संधी हीच, म्हणून गेट उघडताच उतरा. दुपारचं जेवण मात्र गाडीत बसूनच खा. पाणघोड्यांच्या तळ्याकाठी आम्ही बाहेर उभं राहिलो आणि एका घारीनं बहिणीच्या हातातलं सँडविच उचललं. बोटावर नखाचा ओरखडा राहिला.

परतीचं विमान विवराच्याच संध्याकाळी घेऊ नका, दुसऱ्या दिवशीचं घ्या. मलेरियाच्या गोळ्या घरी पोचल्यावर थांबवायच्या नसतात. कोणती गोळी आहे त्यावर आणखी सात दिवस ते चार आठवडे त्या घ्याव्या लागतात, डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा. आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर दवाखान्यात शिरल्याशिरल्या आधी सांगा, की मी टांझानियात जाऊन आले आहे.